डावी मोकळी

कंडक्टरने चाकाचा नट उचलला आणि पटाच्या अगदी कडेकडेने सरळ शेवटच्या ओळीत नेऊन ठेवला. काळ्या हत्तींपैकी एक कधीच हरवला होता, त्याच्या जागी हा नट चालायचा. नट जड होता. ठेवताना प्लायवूडवर टक्क असा आवाज झाला.

"मात," तो म्हणाला.

ड्रायव्हरने आपल्या राजाकडे बघितलं. राजाच्या पुढे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग चष्मा कुठे ठेवला ते आठवणाऱ्या माणसासारखी सगळी मान डावीकडे फिरवली. तेव्हा त्याला नट दिसला.

"हा कधी आला?"

"आत्ता. तुमच्यासमोर."

"चांगली चाल आहे," ड्रायव्हर म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "चांगलीच आहे. आता तुला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही, सुट्टे."

कंडक्टरने मान खाली घालून सोंगट्या डब्यात भरायला घेतल्या. चेहऱ्यावरचा आनंद लपवायला दुसरी जागा नव्हती.

शेवटच्या थांब्यावरची ही विश्रांतीची खोली म्हणजे पत्र्याच्या छपराखाली दोन बाकं, दाराबाहेर एक पाण्याची टाकी आणि भिंतीवर एक घड्याळ. घड्याळ चालू होतं, पण त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नसे. दुपारी गाडी इथं तासभर थांबायची. बाकीचे ड्रायव्हर-कंडक्टर त्या वेळात डबे खायचे, पेंगायचे, नाहीतर वरच्या साहेबांच्या नावाने बोटं मोडायचे. हे दोघं पट मांडायचे. प्लायवूडच्या तुकड्यावर रेघा मारून रंगवलेला तो पट एरवी ड्रायव्हरच्या सीटमागे उभा असायचा.

कंडक्टर शिकायला बसला तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. घोडा अडीच घरं जातो एवढंच त्याला ठाऊक होतं, आणि तेही वेळेवर आठवायचं नाही. 'हे तुला चांगलं येतं' असं त्याला आयुष्यात कुणी म्हटलेलं नव्हतं. शाळेत मधल्या बाकावरचा, घरात मधला भाऊ, नोकरीत ना कौतुक ना तक्रार. सुट्ट्या पैशांवरून रोज कुणाशी तरी हुज्जत घालायचा म्हणून डेपोत सुट्टे हे नाव पडलं होतं, तेवढीच काय ती कीर्ती. ड्रायव्हर मात्र डेपोचा पहिला खेळाडू. त्याला सगळेच दादा म्हणत, त्याच्याहून वयाने मोठे असलेलेही. मला शिकवा असं म्हटल्यावर त्याने ते हसण्यावारी नेलं नाही. समोर बसवलं आणि पुढे कितीतरी महिने रोज दुपारी धूळ चारली.

कंडक्टरनेही पिच्छा सोडला नाही. फूटपाथवरून पानं सुटलेलं एक जुनं पुस्तक आणलं. जेवताना ताटाभोवती पेला, वाटी, मिठाची डबी मांडून डाव बघत बसायचा. बायको म्हणायची, आधी जेवा, तो पेला काही पळून जात नाही. मुलगी मुद्दाम मिठाची डबी उचलून न्यायची आणि विचारायची, बाबा, आता काय करणार? घरात त्याची अशी थट्टा पूर्वी कधी झाली नव्हती. त्याला ती आवडायची.

आणि मग गेल्या काही महिन्यांत तो जिंकायला लागला. पहिल्यांदा जिंकला तेव्हा वाटलं, दादाने सोडला असेल डाव. पण मग आठवड्यात एकदा, मग दिवसाआड, आणि आता जवळजवळ रोज. उशिरा का होईना, आपल्यालाही काहीतरी आलं. ही गोष्ट तो मनातल्या मनात दिवसातून कितीदा तरी हाताळून बघत असे.

गाडी सुटायच्या वेळी त्या दोघांत एक रीत पडली होती. ड्रायव्हर इंजिन चालू करून विचारायचा, "डावी?" कंडक्टर पुढच्या दाराच्या पायरीवर उभा राहून बाहेर डोकवायचा आणि म्हणायचा, "मोकळी." मग घंटीची दोरी दोनदा ओढायची की गाडी निघायची. मोठ्या वळणावरही तेच. इतर गाड्यांवर हे असं कुणी विचारत नसे. आरसा कशासाठी असतो? पण कंडक्टरला वाटायचं, जुना माणूस आहे, जपून चालवतो. दाराशी उभं राहायचं तर मागची तिकिटं राहतात, म्हणून तो थोडा कुरकुरायचा, पण सवय झाली.

गाडीच्या डाव्या अंगाला अलीकडे ओरखडे फार पडले होते. ड्रायव्हर म्हणायचा, डेपोचं फाटक कुणी अरुंद केलंय कोण जाणे. मध्यंतरी एक सायकलवाला दाराच्या बाजूला कलंडला होता. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. तो उठून उभा राहिला आणि खिडकीकडे बघत ओरडला, दिसत नाही का? ड्रायव्हर हसला होता. कंडक्टरही हसला होता. खाली उतरून त्यानेच सायकलवाल्याला दोन शब्द सुनावले होते.

नटाने मात झाली त्या संध्याकाळी डेपोत आल्यावर ड्रायव्हर सरळ कंट्रोलर बाईंच्या खिडकीशी गेला. गाड्यांची ये-जा बाई बघायच्या, आणि डेपोचा बुद्धिबळाचा संघही त्याच नेत. वयाने लहान होत्या, पण दादाला तोडीस तोड कुणी असेल तर त्याच. डेपो-डेपोंमधले सामने जवळ आले होते. ड्रायव्हरने चारचौघांत सांगितलं की यंदा माझं नाव नको, माझ्या जागी याला घ्या, हा मला रोज हरवतो. आजूबाजूच्यांनी तोंडात बोटं घातली. कुणी कंडक्टरच्या पाठीवर थाप मारली. सुट्टे, लेका, चहा लागतो आता, असं कुणी म्हटलं. ड्रायव्हर मागे उभा राहून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी होतं. कंडक्टरला तो अभिमान वाटला.

बाई म्हणाल्या, दादांचा शब्द आहे म्हणजे झालंच, तरी एक डाव खेळून बघू.

दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर खेळले. बाईंच्या केबिनमध्ये फोन सारखा वाजत होता. मधूनच त्या माईकवरून गाड्यांचे नंबर पुकारत आणि पटाकडे अर्धंच लक्ष देत. कंडक्टरने मनाशी ठरवलेलं सगळं केलं. प्यादी पुढे काढली, उजव्या हाताच्या कडेची रांग मोकळी केली, हत्ती त्या रांगेत आणला आणि आत घुसवला. दादाविरुद्ध इथं डाव संपायचा.

बाईंनी फोन कानाला धरूनच उंट उचलला आणि हत्ती मारला.

दुसऱ्या डावातही तसंच झालं. या वेळीही त्यांनी हत्ती मारल्यावरच फोन ठेवला. कंडक्टरच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"दादांशी हेच खेळता?" बाईंनी विचारलं.

"हो. रोज."

"आणि ते काय करतात?"

"हरतात."

बाई पटाकडे बघत राहिल्या. मग हसल्या, पण ते हसणं चिडल्यासारखं होतं.

"अहो, हत्ती उघड्यावर येतोय. शाळेतलं पोरसुद्धा मारेल. दादा त्या बाजूला बघतच नाहीत का?"

पुन्हा फोन वाजला. फोन उचलता उचलता त्या म्हणाल्या, ठेवते तुमचं नाव चौथ्या पटावर, दादांनी सांगितलंय तर काहीतरी बघूनच सांगितलं असेल.

कंडक्टर चालत घरी निघाला. आधी त्याला लागलं ते स्वतःचंच. म्हणजे आपल्याला काही येत नाही. पुस्तक, पेला, मिठाची डबी, सगळं पाण्यात. दुकानांच्या काचांमध्ये आपला चेहरा दिसू नये म्हणून तो फूटपाथ सोडून रस्त्यावरून चालत होता. 'दादा त्या बाजूला बघतच नाहीत का', हे बाईंचं वाक्य त्याच्या ध्यानात होतं, पण टोमणा म्हणून. घराच्या जिन्यावर पाय ठेवला तेव्हा ते वाक्य दुसऱ्याच बाजूने आत शिरलं आणि तो तिथंच थांबला.

ताट वाढलेलं होतं. तो बसला आणि सवयीने पेला उचलून उजव्या हाताला ठेवला. दादाविरुद्धचे एकेक डाव आठवत गेला. कधी पांढऱ्यांनी जिंकला होता, कधी काळ्यांनी. कधी हत्तीने, कधी वजिराने, एकदा तर नुसत्या प्याद्याने. मार मात्र नेहमी उजव्या हाताकडून. डाव्या हाताकडून जिंकलेला एकही डाव त्याला आठवेना. तिकडून गेला की दादा त्याला चिरडून टाकायचा, अजूनही, कालपर्यंत.

तो उठला आणि समोर बायकोच्या जागेवर जाऊन बसला. तिथून पेला डावीकडे होता.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही."

"मग माझ्या जागेवर काय बसलात?"

तो परत आपल्या जागेवर आला. त्याला जेवण गेलं नाही. मुलगी मिठाची डबी न्यायला आली तर तिला त्याने नको म्हटलं, आणि ते जरा जोरात म्हटलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेऱ्यांना तो पायरी सोडून हललाच नाही. मागची माणसं तिकिटासाठी हाका मारत होती. तो मान बाहेर काढून उभा होता आणि विचारायच्या आधीच 'मोकळी' किंवा 'थांबा' ओरडत होता. एका चौकात पाठीवर दप्तरं घेतलेल्या पोरांचा घोळका रस्त्याच्या अगदी काठावर उभा होता. त्यातल्या एकाचा पाय खाली होता. कंडक्टर 'थांबा' म्हणाला, गाडी थांबली, पोरं गेली. त्याच्या शर्टाची पाठ ओली झाली. ड्रायव्हर मोठ्या आरशातून त्याच्याकडे बघत होता.

"आज फार काळजी घेतोयस," ड्रायव्हर म्हणाला.

दुपारी पट मांडला. कंडक्टर नीट खेळलाच नाही. सोंगट्या थोड्या मोकळ्या झाल्यावर त्याने आपला वजीर उचलला आणि उजव्या कडेला एका घरात ठेवला. तिथं त्याला ना पाठ ना आडोसा. ड्रायव्हरचा उंट पटाच्या मधोमध उभा होता आणि त्याच्या तिरक्या वाटेवर, शेवटच्या घरात, तो वजीर. मधे काही नव्हतं. कंडक्टरला खेळ शिकल्यापासून इतकं मनापासून हरावंसं कधी वाटलं नव्हतं. मार, दादा. मार आणि मला मूर्ख म्हण.

ड्रायव्हरने बराच वेळ विचार केला. मग उजवीकडचं एक प्यादं एक घर पुढे सरकवलं.

"तुझी."

कंडक्टरने सोंगटीला हात लावला नाही.

"दादा, वजीर मारा."

"कुणाचा?"

"माझा."

ड्रायव्हर हलला नाही. मग सावकाश त्याची मान डावीकडे फिरली, आणि वजीर दिसल्यावर तिथंच थांबली. बाहेर कुणीतरी टाकीखाली डबा घासत होतं. 

"किती दिवसांपासून?" कंडक्टरने विचारलं.

"तू जिंकायला लागलास तेव्हापासून म्हण. थोडं आधीपासून."

"डोळे तपासतात की दरवर्षी."

"समोरचा तक्ता असतो. शेवटच्या ओळीपर्यंत वाचला मी. समोरचं काय, मुंगीसुद्धा दिसते मला." त्याने वजीर उचलून हातात फिरवला. "कडेचं जातंय. आणि अंधार वगैरे दिसत नाही रे तिथं. अंधार असता तर कळलं असतं. तिथं काही नाहीच, असं वाटतं. जिथं काही नाहीच, तिकडे माणूस मान कशाला वळवेल?"

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं असतं तर त्याने लिहून दिलं असतं."

कंडक्टरच्या मनात सायकलवाला उभा राहिला. त्याचं सोललेलं कोपर, आणि आपण त्याला सुनावलेले दोन शब्द.

"मग मला जिंकू का दिलंत? सगळ्यांना सांगत का सुटलात?"

ड्रायव्हरने वजीर खाली ठेवला. नीट घराच्या मधोमध ठेवला.

"मी दिलं नाही. तू जिंकत होतास. मी घरी जाऊन म्हणायचो, पोरगा सुधारला. चांगला तयार केला मी त्याला. रोज हरतोय त्याला काहीतरी कारण लागतंच ना. तू सुधारला नसतास तर मग दुसरं काय होतं, ते बघावं लागलं असतं."

 कंडक्टरलाही तेच हवं होतं. एकाला आपण बिघडलो नाही असं वाटायला हवं होतं आणि दुसऱ्याला आपण सुधारलो असं. दोघांनी मिळून ते गेले कित्येक महिने छान चालवलं होतं, चाळीस-पन्नास माणसं मागे बसवून.

"गाडी सोडली तर मला दुसरं येतं काय?" ड्रायव्हर म्हणाला.

"बुद्धिबळ येतं."

"ते तर तू बघतोयसच."

घड्याळाकडे दोघांनीही बघितलं. ड्रायव्हर उठला, त्याने शर्ट खाली ओढून सारखा केला. आजची फेरी होऊ दे, तो म्हणाला, उद्या सकाळी मी स्वतः बाईंकडे जाऊन सांगतो. ते त्याने अगदी साध्या आवाजात सांगितलं. कंडक्टरला तो आवाज ओळखीचा होता. डेपोचं फाटक कुणी अरुंद केलं असं तो याच आवाजात म्हणायचा.

गाडी भरली होती. परतीच्या फेरीला नेहमी भरायची. पुढच्या सीटवर एक बाई मांडीवर झोपलेलं मूल घेऊन बसली होती. मागे दोन म्हातारे खिडकी उघडायची की लावायची यावरून तंडत होते. ड्रायव्हर वर चढला, त्याने इंजिन चालू केलं. कंडक्टर पायरीवर आपल्या जागी उभा राहिला. हात वर केला आणि घंटीची दोरी धरली.

"डावी?"

कंडक्टरने बाहेर बघितलं. रस्ता थेट वळणापर्यंत रिकामा होता. माणूस नाही, सायकल नाही. इतकी मोकळी डावी बाजू त्याने क्वचितच बघितली असेल. एक शब्द म्हणायचा होता, आणि तो खराही होता.

तो म्हणाला नाही.

"डावी?" ड्रायव्हरने पुन्हा विचारलं. मग त्याने समोरच बघत, आवाज थोडा चढवून हाक दिली, "सुट्टे, आहेस ना रे?"

कंडक्टर त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. हात लांब केला असता तर त्याच्या खांद्याला लागला असता.

"आहे, दादा," तो म्हणाला. "इथंच आहे."

"मग दे घंटी."

"नाही देत."

मागे कुणीतरी विचारलं, काय झालं, निघत का नाही. इंजिन थरथरत होतं आणि दोरीसुद्धा त्याच्या मुठीत थरथरत होती. ड्रायव्हरचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. घंटीशिवायही गाडी निघू शकते, कोण अडवणार होतं. कंडक्टर ते जाणून होता आणि तरीही पायरीवरून हलला नाही. बराच वेळ गेला असं त्याला वाटलं. मग ड्रायव्हरने किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं आणि गाडीत म्हाताऱ्यांचा तंटा एकदम मोठ्याने ऐकू यायला लागला.

कंडक्टरने दोरी सोडली आणि आत तोंड करून सांगितलं, "गाडीत बिघाड आहे. उतरून घ्या. दुसरी येईल."

लोक चिडले. मूल घेतलेली बाई उतरताना त्याला म्हणाली की आधी तपासता येत नाहीत का गाड्या. तो हो म्हणाला.

सगळे उतरल्यावर त्याने टाकीच्या मागे जाऊन डेपोत फोन लावला. बाईंनीच उचलला. गाडीचा नंबर सांगितल्यावर त्यांनी विचारलं, काय बिघाड आहे, मेकॅनिक पाठवू का.  आता यापुढे डेपोत सगळे म्हणणार, ज्याने शिकवलं त्याच्याच पोटावर पाय दिला. म्हणू देत. त्याहून वाईट वाटत होतं ते आपलं जिंकणं खोटं होतं याचं, आणि दादाचं सांगायची वाटही तिथूनच जात होती.

"मॅडम, सामन्यातून माझं नाव काढा," तो म्हणाला.

"आता हे काय मधेच? गाडीचं काय झालंय ते सांगा."

"मला काही येत नाही. तुम्ही काल विचारलं होतं ना. तसंच आहे. दादा त्या बाजूला बघत नाहीत. त्यांना दिसतच नाही."

पलीकडे माईकवर कुणीतरी नंबर पुकारत होतं. तो पुकारा संपला.

"गाडी कुठं आहे?" बाईंनी विचारलं. आवाज बदललेला होता.

"उभी आहे."

"आत कुणी?"

"कुणी नाही. उतरवले सगळे."

बाई म्हणाल्या, दुसरा ड्रायव्हर घेऊन जीपने येते, तोवर दादांना एकटं सोडू नका.

तो खोलीत आला तेव्हा ड्रायव्हर बाकावर बसला होता. किल्ली त्याने शेजारी काढून ठेवली होती. पट पुन्हा मांडलेला होता, सगळ्या सोंगट्या जागेवर, नटसुद्धा. पण पट नेहमीसारखा समोर नव्हता. ड्रायव्हरने तो चांगला उजवीकडे सरकवला होता आणि स्वतः तिरका होऊन बसला होता. असा माणूस बघितला तर कुणाला वाटेल, याची मान आखडली आहे.

"बस," तो म्हणाला. "आता सगळा दिसतोय. बघू तरी तुला खरंच किती येतं."

कंडक्टर बसला. त्याने प्यादं सरकवलं. ड्रायव्हर झटझट खेळत होता. हात जुना होता, तोच, पहिल्या महिन्यांतला. सोंगटी उचलायचा ती ठेवायची जागा आधीच ठरलेली असल्यासारखी. कंडक्टरने पुन्हा उजवी रांग मोकळी केली, दुसरं त्याला येतच नव्हतं. हत्ती आत आणला. ड्रायव्हरने तो घोड्याने उचलून घेतला आणि बाकावर ठेवला.

"हा दिसला," तो म्हणाला. आणि जरा वेळाने, "मधे दोन चाली बऱ्या होत्या तुझ्या. थोडं येतं तुला. थोडंच."

कंडक्टरला आजवर मिळालेलं हे सगळ्यात लहान कौतुक होतं, आणि त्याचा त्यावर विश्वास बसला.

डाव आता फार उरला नव्हता. दोन चालींत मात होती, त्यालाही ती दिसत होती. खिडकीबाहेर, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, आवारात डेपोची जीप शिरली. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या आवाजात तिचा आवाज वेगळा कळला नाही. दार उघडून कंट्रोलर बाई उतरल्या, मागून युनिफॉर्म घातलेला दुसरा ड्रायव्हर उतरला. बाईंनी उभ्या गाडीकडे बघितलं आणि मग त्या खोलीच्या दिशेने चालायला लागल्या.

"तुझी चाल आहे," ड्रायव्हर म्हणाला.

"हो, दादा," कंडक्टर म्हणाला आणि पटावर वाकला. "थोडा विचार करू द्या."